चाफ्याला हिवाळ्यात पाणी

दिंडोली, सुरत
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सोनाली हिस मंदाताईचे आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवावं लागतं, की आमच्या घरातला डिंक सुकला आहे. बाटली उलटी केली, गरम पाण्यात ठेवली, आमच्या पंडितरावांनी पान्याने ठोकली; थेंब निघाला नाही. शेवटी भाताची शितं घेऊन पाकीट चिकटवायला बसले. पहिलं पाकीट मुंग्यांनी ताब्यात घेतलं, दुसरं माझ्या साडीला चिकटलं, हे तिसरं. एकोणपन्नासाव्या वर्षी एका प्रतिष्ठित बाईवर ही वेळ का यावी? तर तिच्या धाकट्या जावेने पावणेदोन वर्षांपूर्वी तिला फोनवर ब्लॉक केलं म्हणून.

तुझा पत्ता गायत्रीने दिला. पोरीला रागावू नकोस. "मोठी आई, मम्मीला माझं नाव सांगू नका," असं ती म्हणाली होती. मी सांगितलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

पत्राला कारण असं, की लखनभाऊंनी काल यांना फोन करून सांगितलं, तुम्ही इथलं घर विकायला काढताय. भाऊंची शहराच्या दुसऱ्या टोकाची, इच्छापोरची नोकरी पक्की झाली, तिकडेच फ्लॅट बघताय. छान आहे. मला काय त्याचं? दोन भाऊ नवागामच्या एका खोलीतून निघाले, लूमवर डबल पाळ्या केल्या, आणि भिंतीला भिंत लावून दोन रो-हाऊस घेतली, त्याला अकरा वर्षं झाली. आता त्या भिंतीपलीकडे कुणी परकं राहील. राहू दे. फक्त एवढं कळव, की गिऱ्हाईक आलं आणि त्याने विचारलं, "दारापुढच्या पट्टीत मधोमध हा खड्डा कसला?" तर काय सांगायचं? तुझे भाडेकरू तिथे स्कूटर लावतात. मला तो खड्डा आता रोज दिसतो, कारण मधली माझी कोनोकार्पसच्या झाडांची रांग गेल्या आठवड्यात काढावी लागली. ती रांग होती तोवर काही दिसत नव्हतं. बरं होतं.

आणखी एक स्पष्ट करते, कारण सरलाबाई अजून गल्लीभर कुजबुजत असते. तुझा चाफा मेला त्यात माझा दोष नाही. तू आईच्या आजारपणात अमळनेरला गेलीस, झाड माझ्यावर सोपवलंस. मी चाळीस दिवस, न चुकता, रोज सकाळी बादलीभर पाणी घातलं. सगळ्या गल्लीने पाहिलं. माझ्या स्वतःच्या झाडांचे मी कधी एवढे लाड केले नाहीत.

तुझी
मंदाताई

ता. क. शितं कोलमची आहेत. चिकटतील असं वाटतं.


२ डिसेंबर २०२४

चि. सौ. सोनाली,

उत्तर नाही. ठीक. पण मी डझनभर पाकिटं आणून ठेवली आहेत, ती काय भाजीला घालू?

कोनोकार्पसचं सांगते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळून आनंद व्हायला नको. गुजरातेत ते झाड लावायला सरकारने बंदी केल्याचं मी गेल्या वर्षी पेपरात वाचलं होतं. "लावायला बंदी, लावलेल्याला नाही," असा कायदा मी स्वतःच करून पान उलटलं. दिवाळीआधी सोसायटीची गटार तुंबली. प्लंबरने पाइप फोडला तर आत मुळ्यांची वेणी. चांगली पाच फुटी, जाड, नवरीला घालावी अशी. त्याने ती हातात धरून गल्लीला दाखवली.

"आ कोनुं झाड छे?" सोसायटीचे प्रमुख मनहरभाई यांनी विचारलं, झाड कुणाचं म्हणून.

सगळ्यांनी फक्त माझ्या घराकडे पाहिलं.

आता तू म्हणशील, ताईंनी ती लावलीच कशाला. नर्सरीवाल्याने सांगितलं, सहा महिन्यांत डोक्याच्या वर. मला घाई होती. घाई कसली ते तुला माहीत नाही असं समजून लिहिते.

आपल्या सोसायटीची एक मेची अंगण स्पर्धा. गुजरात दिवस आणि आपला महाराष्ट्र दिन, दोन्ही एकाच मंडपात, एकाच आइस्क्रीमवर. तू दोनदा पहिली आलीस. दोन्ही वेळा स्टीलचा पाच लिटरचा डबा. मला उत्तेजनार्थ प्लास्टिकचा मग. दोन मग आहेत माझ्याकडे. एक हिरवा, एक गुलाबी.

मी काय कमी केलं होतं गं? ख्रिसमस ट्री आणला. आपल्या पश्चिमेच्या उन्हात मे महिन्यात त्याचा पापड झाला. बॉटल पाम आणला. कुंडीत असताना कसा सुबक होता, जमिनीत गेल्यावर त्याचं पोट असं सुटलं, की दार अर्धंच उघडायचं आणि पंडितराव तिरके होऊन घरात शिरायचे. गोल कापलेला फायकस आणला, तर पंधरा दिवसांत सगळी पानं टाकून तो काठीवर अडकवलेल्या घरट्यासारखा उभा. दर वेळी नर्सरीवाला म्हणायचा, "बेन, गॅरंटी." कशाची, ते तो सांगत नसे आणि मी विचारत नसे.

आणि तू काय केलंस? पहिलं अख्खं वर्ष काहीच लावलं नाहीस! खडू घेऊन पट्टीच्या कडेला रेघा मारत बसायचीस, ऊन सकाळी कुठे, चारला कुठे, उन्हाळ्यात कुठे, थंडीत कुठे. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची सोनाली उन्हाचं रेशनकार्ड काढतेय." मग एक चाफा, माहेरून आणलेली फांदी. एका कडेला एक्झोराची तीन रोपं, खाली लिली. बस.

"एवढंच?" मी म्हटलं होतं. "रिकामं दिसतं."

तू म्हणालीस, "ताई, झाड आज केवढं आहे ते नाही बघायचं. मोठं होऊन केवढं होणार, तेवढी जागा आजच सोडायची."

मला ते माझ्या तोंडावर मारल्यासारखं वाटलं. आमच्या घरात मूल नाही, म्हणून बोललीस असं वाटलं. ते नुसतं झाडाबद्दल होतं, हे त्या दिवशी प्लंबरच्या हातातली वेणी बघताना कळलं. नऊ-दहा वर्षांनी.

चौथ्या वर्षी तुझा चाफा फुलला. पांढरा, पाकळीच्या कडेला लाल रेघ, जशी कुणी पातळ ब्रशने ओढलेली. गल्लीतून जाणारी प्रत्येक बाई तुझ्या दाराशी थांबायची. "सोनालीबेन, बहु सरस!" माझ्या दाराशी बायका फक्त चप्पल तुटली तर थांबायच्या.

म्हणून मी दोघींच्या मध्ये कोनोकार्पसची सहा रोपं लावली. पंडितराव ओट्यावर चहा पीत होते. म्हणाले, "मंदे, हाई झाड नही, भिंत शे." मी म्हटलं, "तुम्ही बश्या विसळा."

भिंत वाढली. पण तुझा चाफा वरून डोकवायचाच.

मंदाताई


१४ डिसेंबर २०२४

सोनाली,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर वीजबिलालाही म्हणावं लागेल. त्यात निदान ग्राहकाचं नाव असतं. एकच ओळ. "ताई, मी पंधरा दिवसांतून एक तांब्या म्हटलं होतं. तुम्ही विसरलात का?"

होय, विसरले. घरात शंभर कामं असतात, यांच्या पाळ्या असतात, बाई विसरते. यात एवढं


२२ डिसेंबर २०२४

वरचा कागद आठ दिवस फ्रिजवर पडून होता. टाकून देणार होते. मग म्हटलं, त्याच कागदावर पुढे लिहावं.

विसरले नव्हते.

तू रिक्षात एक पाय ठेवून उभी होतीस. गायत्रीच्या मांडीवर पिशव्या. तू म्हणालीस, "ताई, थंडीत चाफा झोपतो. सगळी पानं गळतील, मेला समजू नका. पंधरा दिवसांतून एक तांब्या, जास्त नको. जास्त झालं तर आतून सडतो." शब्द न् शब्द आठवतो. मी मान हलवली, आणि रिक्षा वळेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं: एवढं नाजूक आहे होय हे सगळं कौतुक?

दुसऱ्या दिवशी बादली भरली.

बघ, विष घातलं असतं तर मला विषारी म्हणता आलं असतं. पाणी घालणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार? तिसऱ्या दिवशी सरलाबाई दूध घेऊन चालली होती. थांबली. "जावेच्या झाडाला एवढं जपतेस, मंदा? मोठं मन आहे बाई तुझं." मी म्हटलं, "आपलंच आहे ना." त्या दिवशी दोन बादल्या घातल्या.

मला फक्त एक मे दिसत होता. त्या वर्षी तो फुलू नये, एवढंच. तुझी आई जाईल हे माझ्या मनात नव्हतं. हे लिहून काही कमी होत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते. फोन आला तेव्हा मी तुझ्या पट्टीतच उभी होते, हातात रिकामी बादली. त्यानंतरही घालत राहिले. का, ते मला सांगता येत नाही. मध्येच थांबले असते तर सरलाबाईने विचारलं असतं.

तू तेरावं आटोपून आलीस. हातातली पिशवी खाली न ठेवता आधी झाडाशी गेलीस. अंगठ्याने खोड दाबलंस. अंगठा आत गेला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. खाली ओली माती पाहिलीस. मग घरात गेलीस आणि कडी लावलीस. अमळनेरचं मूळ झाड तुझ्या भावाने अंगणात फरशी बसवताना काढलं होतं, तेही मला ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस, मेथी निवडताना.

त्या वर्षी पहिलं बक्षीस मला मिळालं. हिरव्या भिंतीसाठी. त्या डब्यात मी आजवर काही भरलं नाही. माळ्यावर आहे, पिशवीसकट.

मंदा


२० जानेवारी २०२५

सोनाली,

महिना झाला. मागच्या पत्रानंतर तू लिहिणार नाहीस हे मी धरून चालले होते. लखनभाऊंनी यांना सांगितलं, एप्रिलमध्ये गिऱ्हाईक घर बघायला येणार आहे. म्हणजे मला वेळ कमी आहे. कशाला वेळ, ते वाच.

तीन वर्षांपूर्वीची संक्रांत आठव. तू हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं दिलीस. दह्याच्या रिकाम्या डब्यांत मनी प्लांट, बावीस बायकांना. मला वाटलं होतं, माझ्यासाठी आत वेगळं काही असेल. चाफ्याची एक फांदी. तू मलाही मनी प्लांटच दिलास. मनहरभाईंच्या बायकोला तोच, सरलाबाईला तोच, सख्ख्या जावेला तोच. मी हसून घेतला आणि घरी येऊन मोरीत ठेवला.

दुपारी गच्चीगच्चीवर पतंग होते. सगळी गल्ली आकाशाकडे बघत "काप्यो छे!" ओरडत होती. मी विळी घेऊन खाली आले आणि तुझ्या चाफ्याची हातभर फांदी कापली. पांढरा चीक मनगटावर ओघळला.

दुसऱ्या दिवशी तू जखम बघून म्हणालीस, "मांजाने तुटली असेल."

"असेल बाई," मी म्हटलं. "पोरं काय ऐकतात?"

फांदी आठ दिवस माळ्यावर सुकवली. डाइंग मिलमधून यांनी रंगाचा निळा ड्रम आणला होता, तो अर्धा कापून, वाळू-माती भरून त्यात ती खोचली आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दडवली. चोरून आणलेली फांदी हटकून जगते असं बायका म्हणतात. जगली. पण फुलली नाही. तीन वर्षांत एक कळी नाही. टाकीमागे ऊन येत नाही, सोनाली. उन्हात ठेवली असती तर तू तुझ्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तुला दिसली असती.

तुझं झाड सडलं त्या दिवशी मी वर गेले. ते हिरवं बुटकं बघितलं आणि खाली आले. तेव्हाच द्यायचं होतं. पण ते दिलं तर चोरी कबूल करावी लागणार, आणि एका आठवड्यात एका बाईने चोरी आणि खून दोन्ही कसे कबूल करायचे?

काल ड्रम ओढत उन्हात काढला. पंडितराव मदतीला आले.

"हे कोनं?" त्यांनी विचारलं.

"सोनालीचं."

त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"मंदे, बरं झालं तुला मिलमध्ये नोकरी लागली नाही. तू मिलच घरी आणली असती."

थंडी आहे. पानं गळली आहेत. पंधरा दिवसांतून एक तांब्या. कॅलेंडरवर खूण करते, गॅसच्या सिलिंडरच्या तारखेशेजारी.

मंदा


३ मार्च २०२५

सोनाली,

तुझी दुसरी ओळ पोचली. "फूल आलं की पाकळीची कड बघा. लाल आहे का."

म्हणजे तुला वाटतं, मी नर्सरीतून एखादा चाफा आणून हा बनाव रचला. वाटू दे. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. आणि खरं सांगू, नर्सरीत जाऊन आले होते. तिथे तयार फुललेला चाफा होता, पिवळा, थायलंडचा म्हणे. "बेन, गॅरंटी." मी बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिले. मग म्हटलं, एकदा तरी गॅरंटीशिवायचं झाड वाढवून बघू.

शेंड्याला हिरवी टोकं फुटली आहेत. पानं आहेत की कळ्या, अजून कळत नाही. तुला बघता आलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस. मला नाही ओळखता येत. हे लिहायला मला फार जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते.

मंदा


१७ एप्रिल २०२५

सोनाली,

आलं.

एका तुऱ्याला तीन फुलं, बाकी कळ्या. पांढरी. कडेला लाल रेघ आहे. चष्मा लावून बघितली, काढून बघितली, यांना दाखवली. आहे.

पहिला दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. सकाळी चहा घेऊन वर गेले आणि एकटी बसून राहिले. अकरा वर्षांत माझ्या हाताखाली काही धड फुललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरलाबाई पापड वाळवायला आली आणि थबकली. "अगंबाई मंदा! हे तुझं?"

या प्रश्नाची मी किती वाट बघितली असेल, ते तुला सांगून कळायचं नाही. 'हो' अगदी दातांपर्यंत आला होता.

"नाही," मी म्हटलं. "सोनालीचं आहे."

"तरीच," ती म्हणाली.

त्या 'तरीच'वर मी दिवसभर जळत होते. दोन भांडी आपटली, भाजीत मीठ दोनदा पडलं. पंडितराव मुकाट्याने जेवले. तेव्हा माझा स्वभाव पालटला वगैरे समजू नकोस.

गिऱ्हाईक रविवारी येतंय. घर विकायचं की नाही, ते तुम्ही दोघं बघा; मी त्यात बोलणार नाही, असं लिहायचं ठरवलं होतं. पण बोलते. भिंतीपलीकडे तुझ्यावाचून मला कुणाचा एवढा मत्सर वाटणार नाही, आणि तेवढ्याशिवाय दिवस फार लांब जातो.

झाड जमिनीत लावलेलं नाही. ड्रममध्येच ठेवलंय, घराबरोबर विकलं जाऊ नये म्हणून. न्यायचं असेल तर छोट्या टेम्पोत मावतं, आडवं करू नका. राहायचं असेल तर खड्डा मी पुन्हा उकरून, खडी-वाळू घालून तयार केलाय. पाणी साचणार नाही. भिंतीपासून पाच हात आणि खिडकीपासून चार सोडले आहेत; मोठं झाल्यावर लागतील तेवढे.

आज चारच्या सुमाराला, उन्हाने सगळी गल्ली दारं लावून बसली होती, तेव्हा मी आणि पंडितरावांनी ड्रम जिन्यावरून उतरवला. तीनदा टेकवला. एक कळी गळली, ती मी पदराला बांधली. तेवढी माझ्याकडे राहू दे. तुझ्या भाडेकरणीने स्कूटर बाजूला घेतली. चांगली पोर आहे. विचारत होती, "मावशी, मी रोज पाणी घालत जाऊ?"

"आता उन्हाळा आहे, दोन दिवसांनी घाल," मी म्हटलं. "दिवाळीनंतर मात्र पंधरा दिवसांतून एक तांब्या. जास्त नको."

फांदी मी घेतली तेव्हा हातभर होती. आता माझ्या खांद्याला लागते. तिची फुलांची बाजू तुझ्या दाराकडे केली, एक तांब्या पाणी घातलं, आणि भिंतीच्या माझ्या बाजूला आले.

मंदाताई